कार्ब्युरेटरवरचा आळ : घरच्या घरी उभी केलेली एक शेर्पा टी

बुल्टाको या स्पॅनिश कंपनीची शेर्पा टी ही ट्रायल्स मोटरसायकल, मॉडेल ४९, साठच्या दशकाच्या अखेरीची. बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ६०, म्हणजे २४४ सीसीचं एअर-कूल्ड टू-स्ट्रोक इंजिन. गाडी अख्खी होती आणि किक मारली की सुरूही व्हायची. तक्रार त्यापुढची होती. आयडलिंग ठरत नव्हतं. थ्रॉटल सोडला तरी रेस चटकन उतरायची नाही, वरच रेंगाळायची आणि इंजिन तापल्यावर तर आपोआप चढायची. सायलेन्सरमधून दाट पांढरट धूर, आणि प्लग काढावा तर काळाकुट्ट आणि ओला. त्या ओल्या प्लगवरून आधीच्या मालकाने ठरवलं की मिक्श्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आधी कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा लहान जेट, मग आणखी लहान जेट, शेवटी कार्ब्युरेटरच नवा. तरीही फरक पडेना, तेव्हा गाडी विकायला काढली.

ती घेतल्यावर माझ्यापाशी उरलेली रक्कम गाडीच्या किमतीच्या निम्मीही नव्हती. एवढ्यात रंग, क्रोम, नव्या रिम, नवी सीट हे सगळं बसणं शक्य नव्हतं. शिवाय गाडी मला मांडून ठेवायची नव्हती, दगडांवरून चालवायची होती. म्हणून एकच शिस्त पाळायची ठरवली: माप हातात आल्याशिवाय एकही पार्ट मागवायचा नाही.

ट्रायल्स हा वेगाचा खेळ नाही. दगड, ओढे, चिखल, उभे चढ यांतून आखून दिलेला छोटा टप्पा पाय न टेकता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीन, आणि गाडी थांबली किंवा टप्पा चुकला की पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकतो. त्यामुळे इंजिनचं बहुतेक काम जेमतेम उघडलेल्या थ्रॉटलवर चालतं. इंजिनची ताकद किती यापेक्षा ते अगदी हळू फिरताना किती शहाण्यासारखं वागतं, हे इथे महत्त्वाचं.

शेर्पा टीचं नाव झालं ते याच गुणामुळे. त्याआधी या खेळात ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. ट्रायल्सपटू सॅमी मिलर यांनी एरियलच्या ५०० सीसी गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची स्पर्धा जिंकली होती. १९६४ मध्ये ते बुल्टाकोकडे आले, शेर्पा टी घडवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि १९६५ ची स्कॉटिश ट्रायल त्यांनी याच हलक्या स्पॅनिश गाडीवर जिंकली. मग माँटेसा या दुसऱ्या स्पॅनिश कंपनीची कोटा आली, तिसरी स्पॅनिश कंपनी ओसाने ट्रायल्सपटू मिक अँड्र्यूज यांच्या नावाची एमएआर आणली आणि मोठ्या फोर-स्ट्रोकचा जमाना सरला. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं; पहिल्या वर्षी मार्टिन लॅम्पकिन, पुढची तीन वर्षं यर्यो व्हेस्टरिनेन आणि १९७९ मध्ये बर्नी श्रायबर, असे पहिले पाचही किताब बुल्टाकोवरच गेले. कारखाना १९८३ च्या सुमारास बंद पडला, पण या गाड्यांचे पार्ट बनवणारे आजही आहेत. त्यामुळे कमी पैशात जुनी ट्रायल्स गाडी उभी करायची असेल तर या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाड्यांपासून सुरुवात करणं मला शहाणपणाचं वाटतं. इंजिन साधं, सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर असल्यामुळे बोअर करता येतो, आणि व्हॉल्व्ह-कॅमचा प्रश्नच नाही.

मात्र पार्ट मागवण्याआधी नंबर पाहायचा. बुल्टाकोच्या चासीवर आणि इंजिनवर मॉडेलचा आकडा कोरलेला असतो: चासीवर बी-४९, इंजिनवर एम-४९ आणि पुढे अनुक्रमांक. ‘शेर्पा टी’ एवढ्याच नावावर पार्ट मागवले तर ते वेगळ्याच मॉडेलचे निघू शकतात आणि पैसे तिथेच वाया जातात. माझ्या गाडीचे दोन्ही नंबर जुळले.

लक्षणं दोन, दिशा उलट

रेस वर रेंगाळणं हे मिक्श्चर लीन असल्याचं लक्षण, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. ओला काळा प्लग मात्र रिच मिक्श्चर दाखवतो. एकाच कार्ब्युरेटरने एकाच वेळी दोन्ही गोष्टी करणं अवघड आहे. याचा अर्थ कार्ब्युरेटरला वळसा घालून काहीतरी आत शिरत होतं, आणि बहुधा दोन वेगवेगळ्या वाटांनी.

टू-स्ट्रोकचा क्रँककेस ही नुसती पेटी नसते, तो पंप असतो. पिस्टन वर जाताना आत निर्वात तयार होतो आणि मिक्श्चर ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिक्श्चर दाबून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली ऑइल सील या पंपाची दारं राखतात. मॅग्नेटोच्या बाजूचं, म्हणजे फ्लायव्हीलमागचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते. क्लचच्या बाजूचं गेलं तर त्या बाजूचं ऑइल ओढलं जाऊन जळतं. दोन्ही सील एकदम गेली असतील तर? एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूने ऑइल. इंजिन लीन चालतं आणि प्लग मात्र ऑइलने भिजलेला. मालक ओल्या प्लगकडे बघून जेट लहान करतो आणि लीन इंजिन आणखी लीन होतं. आणखी काही काळ असंच चाललं असतं तर चढावर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला असता, आणि मग बोअर, पिस्टन, कदाचित रॉडसुद्धा बदलण्याची वेळ आली असती.

ट्रायल्स गाडीत हा दोष इतका का जाणवतो, तेही पाहण्यासारखं आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना इंजिन भरपूर हवा घेतं, त्यात सीलमधून आलेली थोडी हवा खपून जाते. थ्रॉटल जवळपास बंद असताना एकूण हवाच कमी. मग तीच गळती मोठा वाटा बनते. रस्त्यावरच्या गाडीत चालून गेलं असतं असं सील इथे टप्प्यात पाय टेकायला लावतं.

एक साधी खूणही होती. क्लचच्या बाजूचं ऑइल काढून मोजलं तर ते भरायच्या मापापेक्षा बरंच कमी भरलं, आणि खाली, बाहेर कुठे गळतीचा डाग नव्हता. ऑइल जळतच होतं.

रक्तदाब मोजायचा फुगा

संशयावरून इंजिन उघडायचं नव्हतं. दाबाची चाचणी घ्यायची होती आणि त्यासाठीचा तयार संच विकत घ्यायला पैसे नव्हते. इथे रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि गोल तबकडी कामाला आली. टू-स्ट्रोक इंजिन साधारण ०.४ बार दाबावर तपासतात, आणि त्या तबकडीवरचे पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे बरोबर ०.४ बार. दाब हळूहळू भरता येतो, सोडायचा स्क्रू फुग्यावरच असतो आणि तबकडी बारीक घटही दाखवते. या कामासाठी याहून चांगलं स्वस्त साधन मला माहीत नाही.

जोडणी अशी केली. जुन्या प्लगमधलं पोर्सेलिन फोडून काढलं, उरलेल्या पोकळ लोखंडी भागात नळी एपॉक्सीने बसवली आणि तो प्लगच्या जागी आवळला. सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्टच्या तोंडात जाड रबराची चकती घातली. दोन वॉशरच्या मध्ये ती बोल्टने आवळली की फुगून घट्ट बसते. इनलेटवर रबर लावून पत्र्याची पट्टी आवळली. पिस्टन तळाला आणला, म्हणजे क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा, ट्रान्स्फर पोर्ट, उघडे राहतात आणि सिलिंडर व क्रँककेस दोन्हींत एकच दाब होतो. डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी झडप) असलेल्या गाडीत त्याची जागाही बंद करायला हवी.

मग ३०० पर्यंत दाब भरला. जुन्या वर्कशॉपमधला ठोकताळा आहे की इंजिनने हा दाब सहा मिनिटं धरला पाहिजे. या इंजिनाने तो एक मिनिटही धरला नाही.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतात. सिलिंडरच्या खालचं पॅकिंग, हेड, क्रँककेसचा जोड, सगळीकडे फिरवलं, सगळं कोरडं. फ्लायव्हील पुलरने काढून त्यामागच्या सीलवर फेस लावला तर तिथे बुडबुड्यांची माळ लागली. क्लचची बाजू झाकलेली असते, म्हणून तिथे ऑइल भरायचं बूच काढून त्या भोकात नळी घट्ट बसवली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात धरलं. पाण्यात बुडबुडे आले. क्रँककेसमधली हवा त्या बाजूला जायची दुसरी कुठलीच वाट नव्हती. दोन्ही सील गेली होती, आणि हे एकही पार्ट न मागवता कळलं.

नुसत्या दाबाच्या चाचणीवर समाधान मानू नये. सीलचा ओठ क्रँककेसच्या दिशेने असतो. आतून दाब आला की तो शाफ्टवर अधिकच आवळला जातो. निर्वात झाला की मात्र तो सैल पडतो. म्हणून काही अर्धवट गेलेली सील दाबाला पास होतात आणि निर्वाताला नापास. ब्रेकमधली हवा काढायचा हातपंप कुणाकडे असेल तर तो मागून घ्यावा. इंजिन पुन्हा बांधल्यावर मी दोन्ही चाचण्या घेतल्या.

काय मोजलं, काय वाचलं

फ्लायव्हील काढलेलं असताना क्रँकचं टोक हाताने वरखाली करून पाहिलं तर बेअरिंगला खेळ जाणवला, फिरवताना खरखरही होती. म्हणजे क्रँककेस उघडावाच लागणार होता. क्लचचा मधला नट सोडवायला तो धरून ठेवायचं हत्यार लागतं. क्लचची एक जुनी लोखंडी प्लेट आणि एक जुनी लायनिंगची प्लेट बोल्टने जोडून त्याला पट्टीचा दांडा लावला की ते घरीच होतं. फ्लायव्हीलच्या पुलरमध्ये मात्र काटकसर करू नये. त्या मॉडेलच्या आट्यांचा खरा पुलर घ्यावा किंवा लेथवर करून घ्यावा. हातोडीने फ्लायव्हील काढायला गेलं तर क्रँक वाकतो.

पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडच्या मोठ्या टोकाचं माप हाताने घेता येतं. रॉड बाजूला थोडा झुलला तर घाबरायचं कारण नाही, तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पिस्टनच्या रेषेत, वरखाली, जरासुद्धा खेळ असता कामा नये. इथे नव्हता. क्रँकचं काम वाचलं, आणि या इंजिनातलं सर्वांत महागडं काम तेच.

बोअरसाठी आतलं मायक्रोमीटर नव्हतं. रिंगच्या फटीने काम भागवलं. रिंग सिलिंडरमध्ये एका उंचीवर सरळ बसवायची, दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची, मग दुसऱ्या उंचीवर तेच. फटींमधला फरक ३.१४ ने भागला की त्या दोन ठिकाणच्या व्यासांमधला फरक मिळतो, कारण फट घेराबरोबर वाढते. माझ्या सिलिंडरमध्ये सर्वांत घट्ट आणि सर्वांत झिजलेल्या जागेत ०.१६ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे व्यासात जेमतेम ०.०५. अंडाकृती झीज या रीतीने कळत नाही, ती पाहायला पिस्टन रिंगशिवाय घालून चारी बाजूंनी फीलर फिरवला. तेही मॅन्युअलच्या मर्यादेत आलं. बोअर करायची गरज उरली नाही. हलकं होनिंग (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर दगडाने घासणं) आणि नव्या रिंग. ७२ मिलिमीटरच्या बोअरला नव्या रिंगची फट साधारण ०.३ मिलिमीटर असावी, ती बसवण्याआधी तपासली.

बेअरिंग आणि सील मागवताना आणखी बचत झाली. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी. जुने काढले की हे वाचून कुठल्याही चांगल्या बेअरिंगवाल्याकडून तेच मिळतं. मोटरसायकलच्या नावाच्या पाकिटात असण्याची गरज नाही. दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. क्रँकच्या बेअरिंगवर सी३ लिहिलेलं असेल तर नवंही सी३ च हवं, कारण तापल्यावर त्याला तेवढी जागा लागते. आणि सील पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं हवं, व्हिटॉनचं असेल तर उत्तम.

बेअरिंग ठोकून बसवू नयेत. क्रँककेस हीट गनने सगळीकडून सारखा तापवायचा. पाण्याचा थेंब टाकताच चर्रकन उडाला की तापमान शंभराच्या वर गेलं. थंड करून ठेवलेलं बेअरिंग मग आपल्या वजनाने जागेवर उतरतं.

फ्लायव्हील काढलेलंच होतं, म्हणून इग्निशनचे पॉइंट आणि कंडेन्सर त्याच वेळी नवे घातले. गाडी थंड असताना नीट चालते आणि तापल्यावर बंद पडते, यामागे पुष्कळदा जुना कंडेन्सर असतो, आणि तो स्वस्त असतो. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास. टायमिंग मॅन्युअलमधल्या आकड्याला, पिस्टन माथ्यापासून किती खाली आहे हे प्लगच्या भोकातून व्हर्निअरच्या मागच्या काडीने मोजून. पॉइंट नेमके कधी उघडतात ते मीटरवर पाहायचं असेल तर कॉइलची वायर आधी सोडवायला हवी; कॉइलचा रोध इतका कमी असतो की मीटर फरक दाखवत नाही.

टाकीचा चिकट प्रश्न

आधीच्या मालकाने काढून डब्यात ठेवलेला जुना कार्ब्युरेटर मी उघडला, तेव्हा थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडवर आणि इनलेटच्या आत पिवळट चिकट थर होता. शिळ्या पेट्रोलचा थर वेगळा असतो. ही रेझिन होती. या गाडीची टाकी फायबरग्लासची, आणि आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या पॉलिएस्टर रेझिनला मऊ करून विरघळवतं. ती पेट्रोलबरोबर खाली येते, स्लाइड चिकटवते आणि पिस्टनवर जाऊन बसते. सील बदलून गाडी नीट केली असती तरी टाकीने ती पुन्हा बिघडवली असती.

अ‍ॅल्युमिनियमची टाकी हा पक्का उपाय, पण ती एकटीच उरलेले सगळे पैसे खाऊन गेली असती. म्हणून टाकी रिकामी करून बरेच दिवस उघडी वाळवली, आतला सुटा थर खडे घालून हलवून काढला, आणि इथेनॉल सोसणाऱ्या एपॉक्सीचा लेप आतून फिरवला. लेप पूर्ण कडक होईपर्यंत पेट्रोल घालायचं नाही, आणि हे काम मोकळ्या हवेतच करायचं. त्यानंतरचे नियम कायमचे: मिळेल तिथे बिनइथेनॉलचं पेट्रोल, आणि गाडी चालवून आणली की टाकी रिकामी. ट्रायल्सला एका वेळी पेट्रोल थोडंच लागतं, त्यामुळे हे जड जात नाही.

जुना कार्ब्युरेटर साफ करून परत बसवला. स्लाइड सैल नव्हती, बॉडीचा फ्लँज सपाट काचेवर घासून सरळ केला, पायलटची, म्हणजे आयडलिंगच्या पेट्रोलची, बारीक वाट मोकळी केली आणि जेट मॅन्युअलप्रमाणे मूळ मापाचे घातले. मॅन्युअलमधलं ऑइलचं प्रमाण मात्र त्या काळच्या मिनरल ऑइलसाठीचं असतं, बरेचदा २० ला १. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला ५० ला १ पुरतं. ऑइल कमी केलं की त्याच जेटमधून पेट्रोल थोडं जास्त जातं, मिक्श्चर किंचित रिच होतं. जेट ठरवण्याआधी ऑइलचं प्रमाण ठरवावं आणि मग ते बदलू नये.

बाकीची गाडी

चासीवर पैसे एकाच ठिकाणी गेले. जुन्या रंगाच्या जाड थराखाली तडा दिसत नाही, म्हणून वेल्डिंगच्या जागा घासून उघड्या केल्या, घासलेट लावून काही वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड फासली. तड्यात मुरलेलं घासलेट पुन्हा वर येऊन पांढऱ्यावर रेघ उमटवतं. डाव्या फूटरेस्टच्या कंसाशी अशी रेघ उमटली. ट्रायल्समध्ये चालवणारा सतत फूटरेस्टवर उभा असतो, तेव्हा हे जाणत्या वेल्डरकडूनच करून घेतलं. पावडर कोटिंग टाळून हाताने साधा पातळ रंग दिला: पातळ रंगातून पुढचा तडा दिसतो आणि खरवडलं तर घरी दुरुस्त होतं.

ब्रेकला नवं लायनिंग लावून घेतलं. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ कधीही फुंकू नये, हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकावं. फोर्कच्या नळ्या काचेवर लोळवून सरळ असल्याची खात्री केली. गंजाचे खड्डे सील फिरतं त्या भागाच्या वर होते, ते एपॉक्सीने भरून घासले आणि नवी सील घातली. केबल, चेन, टायर नवे. रिम, स्पोक, सायलेन्सर, सीट, मडगार्ड जसेच्या तसे.

इंजिन बांधल्यावर कार्ब्युरेटर लावण्याआधी पुन्हा फुगा जोडला. तबकडीचा काटा सहा मिनिटं ३०० वरून जेमतेम हलला. निर्वातही टिकला. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळेपर्यंत धूर येत राहिला, मग तो विरळ झाला. थ्रॉटल सोडला की रेस खाली येते आणि तिथेच थांबते. अगदी हळू, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येईल इतकी. ओल्या दगडांच्या चढावर मागचं चाक न घसरता पकड घेतं, कारण आता थ्रॉटल जेवढा उघडावा तेवढंच इंजिन देतं.

राहिलेलं काम गिअरबॉक्समध्ये आहे. तिसरा गिअर ओझं पडल्यावर कधीतरी निसटतो, डॉगच्या, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांच्या, कडा झिजल्या आहेत. क्रँककेस उघडा असतानाच ते दिसलं होतं, पण तो गिअर टप्प्यात लागत नाही. चांगल्या स्थितीतला जुना गिअर मिळेपर्यंत तिसरा वगळून चालवतो आहे, आणि प्रत्येक वेळी ऑइल बदलताना निघालेलं ऑइल मोजतो. भरलं तेवढंच बाहेर येतं.